परमची बदलती यंत्रे आणि न बदलणाऱ्या प्रोग्रामचा शोध : समांतर संगणनाच्या भाषांची कथा (थ्रेड)

१/
जव्हारजवळ शिरपामाळ नावाचे मोकळे पठार आहे. इ.स. १६६४ च्या आरंभी सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, अशी या भागातली परंपरा आहे. माळाचे नावही त्या शिरपेचावरूनच पडले असे सांगतात. नेहमीच्या वाचकांना ही कथा ठाऊक असेलच. आजचा थ्रेड त्या माळावरच्या आकाशाविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर त्या आकाशाचे गणित करणाऱ्या यंत्रांविषयी आणि त्या यंत्रांना काम सांगण्यासाठी घडवलेल्या भाषांविषयी.

२/
जव्हार-मोखाड्याची शेती पावसावर उभी आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाच्या अंदाजाने त्यात भात किंवा नागली पेरायची आणि रोपे तयार झाली की लावणीला उतरायचे. पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर रोपे करपतात. बी पुन्हा विकत आणावे लागते. आठवडाभर आधी मिळणाऱ्या खात्रीच्या अंदाजाची किंमत येथे धान्यात मोजता येते.

३/
हा अंदाज कसा निघतो? हवामानशास्त्रज्ञ पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे लहान लहान चौकटींत विभाजन करतात. प्रत्येक चौकटीत वाऱ्याचा वेग, दाब, तापमान, बाष्प यांचे आकडे असतात आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढच्या काही मिनिटांचे आकडे काढले जातात. मग त्यांवरून त्यापुढच्या काही मिनिटांचे. चौकट १२ किलोमीटरची असेल तर शिरपामाळ, शेजारची दरी आणि पलीकडचा डोंगर हे सगळे एकाच आकड्यात कोंबले जातात. चौकट ६ किलोमीटरची करावी, तर जमिनीवरच्या चौकटींची संख्या चौपट होते; शिवाय काळाची पावलेही निम्मी घ्यावी लागतात. म्हणजे एकूण काम सुमारे आठपट. इतके काम एका प्रोसेसरच्या आवाक्यातले नसते.

४/
म्हणून काम वाटायचे. लावणीचे उदाहरण घ्या. दहा खाचरे आहेत आणि पन्नास माणसे. एकाच माणसाने सगळी खाचरे लावायची ठरवली तर आषाढ संपेल. पन्नास जण एकाच वेळी उतरले तर दोन दिवसांत काम आटोपते. परंतु त्यासाठी कोणी कुठे उभे राहायचे, रोपांच्या मुठी कोणी पोचवायच्या, एका खाचराचे पाणी दुसऱ्यात केव्हा सोडायचे हे ठरवावे लागते. संगणकात हे सारे अगोदर लिहून द्यावे लागते. ते कोणत्या भाषेत लिहायचे, हाच समांतर संगणनाचा मूळ प्रश्न आहे. आणि त्याच्या पोटात दुसरा, अधिक चिवट प्रश्न : पन्नास माणसांसाठी लिहिलेली व्यवस्था उद्या पाचशे माणसांना, तीही वेगळ्या गावच्या माणसांना, जशीच्या तशी लागू पडेल का?

५/
भारतात हा प्रश्न राजकारणाच्या वाटेने आला. १९८० च्या दशकात मान्सूनच्या अंदाजासाठी भारत सरकारने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. वाटाघाटी लांबल्या. हे यंत्र अण्वस्त्रांच्या वा क्षेपणास्त्रांच्या कामी वापरले जाईल, ही अमेरिकेची शंका होती. अखेरीस अधिक शक्तिशाली 'एक्स-एमपी-२४' ऐवजी 'एक्स-एमपी-१४' मिळाले : दोनाऐवजी एकच प्रोसेसर, आणि वापरावर देखरेखीच्या अटी. हे यंत्र दिल्लीच्या राष्ट्रीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्रात बसले.

६/
याच पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या परिसरात, 'प्रगत संगणन विकास केंद्र' म्हणजे सी-डॅक स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख झाले. मुदत तीन वर्षे, निधी सुमारे ३० कोटी रुपये, लक्ष्य सेकंदाला १०० कोटी गणिती क्रिया. क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर घडवणे या मुदतीत आणि या पैशांत शक्य नव्हते. तेव्हा बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडायचे, असा मार्ग ठरला. सी-डॅक या वाटेवर एकटे नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 'फ्लोसॉल्व्हर' १९८६ मध्येच उभा केला होता आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पुढे 'अनुपम' आकाराला आला.

७/
१९९१ मध्ये 'परम ८०००' जगापुढे आला. त्याच्या बांधणीची आणि अभिमानाची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. त्या यंत्राच्या पोटात काय होते, याकडे मात्र कमी लक्ष जाते. त्यात ब्रिटनच्या ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्यूटर' होते, टी-८०० जातीचे, ६४ च्या संख्येने; आणि रचना २५६ पर्यंत वाढवता येईल अशी होती.

८/
ट्रान्सप्यूटर ही मोठी विलक्षण वस्तू होती. एका चिपवर प्रोसेसर, थोडी स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार तारांची सोय. चार शेजारी, चार दोर. त्यामुळे ठोकळ्यास ठोकळा जोडावा तसे हे प्रोसेसर जोडून जाळे विणता येई. आणि या चिपबरोबर एक भाषाच जन्माला आली होती : ऑकम.

९/
ऑकमची मुळे १९७८ साली टोनी होअर यांनी मांडलेल्या सीएसपी या सिद्धांतात आहेत. होअर यांचे म्हणणे असे : संगणकातल्या दोन प्रक्रियांनी एकाच वहीत लिहू नये. तसे केले की कोणी कोणाचा आकडा पुसला याचा पत्ता लागत नाही. प्रत्येकीची वही वेगळी असावी आणि देवाणघेवाण केवळ निरोपांनी व्हावी. निरोप देणारा घेणाऱ्याची वाट पाहील, घेणारा देणाऱ्याची. हातातून हातात. इनमॉसमध्ये डेव्हिड मे यांनी या विचाराला १९८३ मध्ये भाषेचे रूप दिले आणि चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या तत्त्वज्ञाचे नाव दिले. गरजेपेक्षा अधिक गोष्टी कल्पू नयेत, हे त्याचे सूत्र प्रसिद्ध आहे.

१०/
भाषा खरोखरच काटकसरीची होती. 'सेक' म्हणजे खालची कामे एकामागून एक करा. 'पार' म्हणजे ती एकाच वेळी करा. 'ऑल्ट' म्हणजे अनेकांपैकी जो आधी बोलेल त्याचे आधी ऐका. कामाचे तर्कशास्त्र एकीकडे आणि कोणते काम कोणत्या चिपवर बसवायचे हे दुसरीकडे, अशी विभागणी तिने केली होती. त्यामुळे एकाच ट्रान्सप्यूटरवर तपासलेला प्रोग्राम अनेक ट्रान्सप्यूटरांवर नेता येई. विचार म्हणून ऑकमइतकी स्वच्छ समांतर भाषा त्या काळात दुसरी नव्हती.

११/
तरीही ती टिकली नाही. कारणे तीन होती आणि तिन्ही शिकण्यासारखी आहेत. पहिले, जगातल्या शास्त्रज्ञांचा बहुतेक सारा संचित ठेवा फोरट्रानमध्ये होता. हवामानाचे, विमानाभोवतीच्या प्रवाहाचे, भूगर्भातल्या तेलशोधाचे लक्षावधी ओळींचे प्रोग्राम नव्या भाषेत पुन्हा कोण लिहिणार? दुसरे, ऑकममध्ये स्मृती किती लागेल हे अगोदरच ठरवावे लागे. चालू प्रोग्राममध्ये नवी जागा मागण्याची सोय नव्हती. तिसरे कारण सर्वांत कठोर. ऑकमचे नशीब एका चिपच्या नशिबाशी बांधलेले होते. इनमॉस कंपनी आधी थॉर्न ईएमआयकडे, मग १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली. पुढची टी-९००० चिप रखडत आली आणि तोवर इंटेल, सन, डेक यांचे प्रोसेसर पुढे निघून गेले होते. चिप गेली आणि तिच्याबरोबर भाषाही गेली. केंट विद्यापीठातल्या काही निष्ठावंतांनी तिला पुढे बरीच वर्षे जागते ठेवले, हा अपवाद.

१२/
पुण्यातल्या अभियंत्यांपुढे हा धोका स्पष्ट उभा होता. त्यांनी परमसाठी 'पारस' नावाचे प्रोग्रामिंग पर्यावरण बांधले. फोरट्रान आणि सी जाणणाऱ्या वैज्ञानिकाला चिपच्या तारांचा विचार न करता काम मांडता यावे, हा त्याचा हेतू. लोखंडाचे सोने करणाऱ्या परिसाचे नाव या गोष्टीला शोभते. परंतु परीस कितीही चांगला असला तरी समोरचे लोखंड दर दोन-तीन वर्षांनी बदलत होते.

१३/
नुसती यादी पाहिली तरी छाती दडपते. परम ८००० मध्ये ट्रान्सप्यूटर. त्याच्या सुधारित ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६०. मग ९००० च्या पिढीत सनचे स्पार्क. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क. २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर-४. २००८ च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन. नाव एक, मेंदू मात्र दर वेळी नवा. ट्रान्सप्यूटरच्या चार दोरांवर बेतून लिहिलेला प्रोग्राम स्पार्कवर निरुपयोगी ठरतो, कारण तेथे ते दोरच नाहीत.

१४/
यंत्रे बांधणाऱ्यांचे कौतुक वर्तमानपत्रांत झाले. प्रत्येक नव्या परमवर जुने प्रोग्राम उचलून नेणाऱ्यांचे नाव कोठे छापून आले नाही. खरे पाहता त्या दशकातला निम्मा घाम तेथेच गळला असावा.

१५/
ही डोकेदुखी केवळ पुण्याची नव्हती. अमेरिकेत प्रत्येक कंपनीचे समांतर यंत्र वेगळे आणि प्रत्येकाची निरोपांची पद्धत वेगळी. १९९२ च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग येथे विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कंपन्या यांची माणसे एकत्र बसली. त्यातून पुढे सुमारे ४० संस्थांच्या सहभागाने एक करार निघाला आणि १९९४ मध्ये तो 'एमपीआय' या नावाने प्रसिद्ध झाला. निरोप कसा पाठवायचा, कसा घ्यायचा, सर्वांना एकदम कसा सांगायचा, सर्वांची बेरीज कशी करायची, यांची ठरावीक नावे. ती फोरट्रान व सी या जुन्याच भाषांतून हाक मारून वापरायची. म्हणजे नवी भाषा नाहीच. जुन्या भाषांना जोडलेला एक सामाईक शब्दकोश.

१६/
एमपीआयने यंत्रबदलाचा अर्धा प्रश्न सोडवला. सी-डॅकनेही परम १०००० साठी स्वतःची एमपीआय बांधणी केली, 'सी-एमपीआय' या नावाने, आणि तिच्याखाली 'क्षिप्रा' हा निरोपवहनाचा थर ठेवला. वर लिहिलेला प्रोग्राम तोच राहावा, खालचा थर बदलावा. आजही जगातले बहुतेक महासंगणकी काम याच कराराच्या आधारे चालते.

१७/
उरलेला अर्धा प्रश्न मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यावर तसाच राहिला. एमपीआयमध्ये कोणत्या प्रोसेसरने कोणता तुकडा करायचा हे माणसाने ठरवायचे. सकाळी ज्याला जे खाचर दिले ते संध्याकाळपर्यंत त्याचेच. एखादे खाचर चिखलाचे निघाले, एखादा मजूर मध्येच आजारी पडला, तर बाकीचे बांधावर बसून वाट पाहतात. हवामानात हे नेहमी घडते : अरबी समुद्रावर निरभ्र आकाश असलेल्या चौकटींचे गणित लवकर संपते आणि घाटमाथ्यावर ढग फुटत असलेल्या चौकटींचे लांबते.

१८/
दुसरी एक वाट त्याच वेळी निघाली होती. १९९३ च्या 'हाय परफॉर्मन्स फोरट्रान'मध्ये प्रोग्रामरने फक्त एवढेच सांगायचे, की हा मोठा तक्ता प्रोसेसरांत असा वाटा; निरोपांची सारी व्यवस्था कंपायलरने स्वतः शोधून काढावी. कल्पना सुखाची होती, परंतु तिचे कंपायलर अपेक्षेइतके हुशार निघाले नाहीत आणि वैज्ञानिकांनी धीर सोडला. जपानने ती अधिक काळ जपली. अर्थ सिम्युलेटर या यंत्रावर त्याच भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामला २००२ साली गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. तोवर अमेरिकेत तिची तेराव्याची जेवणे उरकली होती.

१९/
आता या कथेतला सर्वांत रोचक भाग. २००२ सालीच गॉर्डन बेल पारितोषिकांत आणखी एक नाव होते आणि त्याच्यामागे लक्ष्मीकांत काळे नावाचे प्राध्यापक होते. बनारस हिंदू विद्यापीठातून १९७७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९७९ मध्ये संगणकशास्त्राची पुढची पदवी, आणि त्यानंतर १९७९ ते १९८१ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वैज्ञानिक. ही तीच संस्था, जिने १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक स्वतः बांधला होता. तेथून काळे अमेरिकेत गेले, स्टोनी ब्रूक येथे १९८५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेन येथे, शिकवू लागले.

२०/
काळे यांची सुरुवात हवामानातून झाली नाही, तर्कशास्त्रातून झाली. प्रोलॉग ही तर्काची भाषा अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी कशी चालवावी, हा त्यांचा विषय होता. अशा कामात एक शक्यता तपासताना तिच्यातून आणखी पाच फुटतात; कोणती फांदी दोन पावलांत संपेल आणि कोणती दोन लक्ष पावले जाईल, हे अगोदर कोणालाही सांगता येत नाही. म्हणजे कामाची वाटणी आधी करून ठेवणे अशक्यच. ज्याला इतरांनी अपवाद मानले, तेथूनच काळे यांचा विचार सुरू झाला. इतिहासात मोठ्या कल्पना पुष्कळदा अशा आडवाटेनेच येतात.

२१/
त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'चेअर कर्नल' तयार केला. येथे चेअर म्हणजे खुर्ची नव्हे. जुन्या इंग्रजीत किरकोळ घरकामाला हा शब्द होता. प्रोग्राम म्हणजे अशा किरकोळ कामांचा मोठा समूह. प्रत्येक काम निरोप आला की जागे होते, आपले काम करते, इतरांना निरोप धाडते आणि पुन्हा निजते. कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर आहे, हे प्रोग्रामरला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. सामाईक स्मृतीची सीक्वेंट व एन्कोर ही यंत्रे असोत किंवा निरोपांवर चालणारी इंटेल व एनक्यूब यांची, प्रोग्राम तोच चालावा, ही अट पहिल्या दिवसापासून होती.

२२/
१९९३ मध्ये काळे आणि संजीव कृष्णन यांनी त्याचेच पुढचे रूप सी प्लस प्लसच्या आधाराने मांडले : 'चार्म प्लस प्लस'. निबंधाच्या शीर्षकातच 'पोर्टेबल' हा शब्द होता. ऑकमपेक्षा येथे एक मोठा शहाणपणा दिसतो. नवी भाषा मुळापासून घडवण्याचा मोह टाळून, लोकांना येत असलेल्या भाषेवर अगदी थोडी भर घातली. कोणत्या वस्तू दूरवरून हाक मारण्याजोग्या आहेत, एवढेच एका छोट्या फायलीत जाहीर करायचे. बाकीचे नेहमीचे सी प्लस प्लस.

२३/
हे चालते कसे? पुन्हा लावणीकडे येऊ. पन्नास माणसांना पन्नास वाटे देण्याऐवजी शेताचे पाचशे छोटे वाफे करा. प्रत्येक माणसाकडे दहा वाफे. आता मुकादमाने दुपारपर्यंत पाहावे की कोणाचे किती उरकले. ज्याचे वाफे चिखलाचे, त्याचे तीन उचलून मोकळ्या माणसाला द्यावेत. दुपारी जो वाफा जड गेला तो संध्याकाळीही जडच जाणार, या साध्या अनुभवावर मुकादमाचा अंदाज उभा असतो. काळे यांनी या अनुभवाला सातत्याचे तत्त्व मानले. ढग घाटावरून सरकतो, पण एका क्षणात कोकणातून विदर्भात उडी घेत नाही. गेल्या काही पावलांचे मोजमाप पुढच्या पावलांना पुरेसे मार्गदर्शक ठरते.

२४/
दुसरा लाभ न दिसणारा आहे. एखाद्या वाफ्यासाठी रोपांच्या मुठी अजून पोचल्या नसतील, तर माणूस हात बांधून उभा राहत नाही. आपल्या दुसऱ्या वाफ्यात शिरतो. संगणकात निरोप पोचण्याचा वेळ हा सर्वांत महागडा वेळ असतो. हातात एकाऐवजी दहा कामे असली की तो वेळ झाकला जातो.

२५/
आणि माणसे पन्नासाची पाचशे झाली तर? वाफे तेच, वाटणी नवी. प्रोग्रामची एक ओळही बदलायची नाही. कामाची संख्या प्रोसेसरांच्या संख्येपासून तोडणे, ही या भाषेची खरी देणगी.

२६/
कल्पना चांगली असणे वेगळे आणि वैज्ञानिकाने आपले आयुष्याचे काम तिच्यावर सोपवणे वेगळे. इलिनॉयमध्येच क्लाऊस शुल्टेन हे भौतिकशास्त्रज्ञ प्रथिने, पेशींची पटले, विषाणू यांतल्या एकेका अणूची हालचाल संगणकावर पाहू इच्छित होते. शुल्टेन, काळे आणि रॉबर्ट स्कील यांच्या सहकार्यातून 'नॅम्ड' हा प्रोग्राम उभा राहिला. त्यात रेणू ज्या अवकाशात तरंगतो त्याचे घनाकृती तुकडे पाडतात. तुकडा एवढाच मोठा, की दोन अणूंमधले जवळचे बल फार तर शेजारच्या तुकड्यापर्यंत पोचावे. प्रत्येक तुकड्याला २६ शेजारी. आता युक्ती अशी, की तुकडे हे एक प्रकारचे काम आणि दोन शेजारी तुकड्यांमधले बल काढणे हे दुसरे, स्वतंत्र काम. तेही हवे तिकडे हलवता येते. शेकडो तुकड्यांतून अशी हजारो कामे निघतात आणि मुकादमाला वाटणीसाठी भरपूर चिल्लर मिळते.

२७/
२००२ चे पारितोषिक याच नॅम्डला होते. हजारो प्रोसेसरांवर जैव रेणूंचे गणित चालवल्याबद्दल. २०१२ मध्ये काळे आणि शुल्टेन या दोघांना मिळून सिडनी फर्नबाख पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये एचआयव्ही विषाणूच्या आतल्या कवचाची रचना प्रसिद्ध झाली. त्यासाठी ब्ल्यू वॉटर्स या यंत्रावर सुमारे ६ कोटी ४० लाख अणूंचे गणित याच प्रोग्रामने केले. आणि २०२० च्या महामारीत करोना विषाणूच्या काट्यांच्या हालचाली दाखवणाऱ्या, ३० कोटींहून अधिक अणूंच्या कामाला गॉर्डन बेलचे विशेष पारितोषिक मिळाले, तेही नॅम्डच्या आधाराने. या काळात खालची यंत्रे कितीदा बदलली याची गणती नाही.

२८/
मग साऱ्या जगाने चार्म प्लस प्लस का स्वीकारले नाही? वस्तुस्थिती अशी की एमपीआयचे राज्य अबाधित राहिले. जो प्रोग्राम 'मी पंधराव्या क्रमांकाचा प्रोसेसर, माझे हे काम' अशा रीतीने विचार करतो, तो निरोपांवर जागणाऱ्या वस्तूंच्या रूपात नव्याने मांडावा लागतो. शिवाय निरोप कोणत्या क्रमाने येतील हे निश्चित नसल्याने चूक शोधणे जिकिरीचे होते. काळे यांच्या गटाने यावर तोड म्हणून 'अ‍ॅडॅप्टिव्ह एमपीआय' काढले : एमपीआयचा जुना प्रोग्राम फारसा न बदलता त्याच्या प्रत्येक 'प्रोसेसर'ला हलवता येणारे काम करून टाकायचे. तरीही ज्या भाषेमागे मोठी कंपनी वा सरकार उभे नाही, तिच्यावर वीस वर्षांचा प्रोग्राम सोपवायला प्रयोगशाळा कचरतात. ऑकमची आठवण त्यांना पुरेशी होती.

२९/
सरकार आणि कंपन्या पाठीशी असूनही भाषा टिकतेच असे नाही. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २००२ पासून या कामात पैसा घातला आणि तीन कंपन्यांनी तीन भाषा रचल्या : क्रेने चॅपेल, आयबीएमने एक्स-१०, सनने फोर्ट्रेस. फोर्ट्रेसचे काम २०१२ मध्ये थांबवण्यात आले, एक्स-१० मागे पडली, चॅपेल अजून तग धरून आहे.

३०/
दरम्यान पुण्यात बरेच घडले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये टाटांच्या संगणन प्रयोगशाळेतला 'एका' जगाच्या यादीत चौथा आला. २०१८ मध्ये पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सुमारे ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'प्रत्युष' सुरू झाला. तो कोणी बनवला होता? क्रे कंपनीने. ज्या नावाच्या यंत्रासाठी एके काळी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला, ते यंत्र मान्सूनच्याच कामासाठी पुण्यात येऊन बसले. परमची मालिकाही चालू राहिली; राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतले पहिले यंत्र, 'परम शिवाय', २०१९ मध्ये बनारसच्या आयआयटीत बसले, म्हणजे काळे ज्या विद्यापीठात शिकले त्याच्याच आवारात.

३१/
२०२४ मध्ये पुण्यातच प्रत्युषच्या पुढचा, सुमारे ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क' आला आणि २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकटींवर चालणारी भारत पूर्वानुमान प्रणाली जाहीर झाली. आठपट कामाचा हिशेब तिसऱ्या भागात आला आहेच. शिरपामाळ आणि त्याच्या पायथ्याची दरी यांना वेगळे आकडे मिळण्याची शक्यता येथून सुरू होते. अशा प्रतिमानांची घडण मुख्यतः फोरट्रान आणि एमपीआय यांचीच आहे. होअर यांच्या निरोपांचा संस्कार त्यात आहे, त्यांच्या भाषेचा नाही.

३२/
आणि आता लोखंड पुन्हा बदलले आहे. आजची मोठी यंत्रे ग्राफिक्स प्रोसेसरांवर, जीपीयूंवर चालतात. जीपीयूचा स्वभाव उलटा : त्याला पाचशे छोटे वाफे नकोत, एकसारखी पेरलेली अफाट सपाट शेते हवीत, तेथे हजारो हात एकाच वेळी एकच हालचाल करतात. एनव्हिडियाची कुडा ही भाषा तिच्याच चिपवर चालते, म्हणजे ऑकमचाच पेच नव्या वेषात. ओपनएसीसी, ओपनएमपी, सायकल, कोकोस असे अनेक उपाय सध्या शर्यतीत आहेत. खुद्द नॅम्डच्या तिसऱ्या आवृत्तीत जीपीयूवरच मुक्काम ठोकून चालणारी पद्धत आणावी लागली. तीत चिल्लर कामे पुन्हा एकत्र बांधून मोठे गठ्ठे केले जातात, आणि ज्या मुकादमाने तीन दशके वाफे वाटले त्याला गणिताच्या दर पावलाला मध्ये न बोलावण्याकडे कल असतो.